पिवळा टाकला, लाल आला

आमचं काम मेटल स्प्रेइंगचं. झिजलेल्या शाफ्टवर परत धातू चढवायचा आणि टर्निंग-ग्राइंडिंग करून साइझला आणून द्यायचा. कोल्हापूरजवळ शिरोली एमआयडीसीत छोटा शेड, दोन गन, एक ब्लास्टिंगची खोली, म्हणजे हवेच्या जोराने दाणे मारून पृष्ठभाग खरखरीत करायची, एक जुना लेथ आणि मला धरून चार माणसं. साखर कारखाने बंद असतात तेव्हा आम्हाला जेवायला पण वेळ नसतो, कारण सगळ्यांचे पंपाचे शाफ्ट नि जर्नल, म्हणजे बेअरिंगमध्ये फिरणारे भाग, तेव्हाच ओव्हरहॉलला निघतात, आणि एकदा का दिवाळीनंतर गाळप सुरू झालं की मग आम्ही माश्या मारत बसतो. अशाच माश्या मारायच्या दिवसांत पुण्याहून एक आर्किटेक्ट बाई आल्या, कुणाकडनं तरी ऐकून, हातात दोन दगड आणि एक वाळलेलं पान घेऊन. म्हणजे खरंच दगड आणि पान, रंगाची छटा दाखवायला.

त्यांना एका घराच्या दर्शनी भिंतीला ८ पॅनेल पाहिजे होती, ३ मिमीची एमएस, म्हणजे साध्या पोलादाची शीट आणि वर ब्राँझचा थर. इथपर्यंत सोपं होतं. पण त्या ब्राँझमध्ये त्यांना रंग पाहिजे होते, दोन गेरूसारखी लाल, दोन शेवाळी, दोन हळदीसारखी पिवळी आणि दोन निळी. मी म्हटलं मॅडम ब्राँझ आम्ही मारून देतो, वर तुम्ही पेंट मारून घ्या की. तर म्हणाल्या, "पेंट नकोय दादा, रंग धातूतनंच यायला पाहिजे, उद्या कुणी घासलं तरी आतनं रंगच निघाला पाहिजे." हातात काम नव्हतं त्यामुळे मी हो म्हटलं. हे असं हो म्हणायची सवय मला महागात पडते, बायको तेच म्हणते, पण ते जाऊदे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. आमची पावडर गन म्हणजे गॅस वेल्डिंगच्या टॉर्चची थोरली बहीण समजा. ऑक्सिजन आणि डीए, म्हणजे ॲसिटिलीन, यांची ज्योत, साधारण ३१०० डिग्रीपर्यंत जाते. गनच्या डोक्यावर पावडरची बाटली, आम्ही हॉपर म्हणतो, त्यातनं पावडर ज्योतीत पडते, वितळते आणि समोरच्या जॉबवर जाऊन चापट होऊन चिकटते. एक कण असा चापटला, त्याच्यावर दुसरा, तिसरा, शेण थापावं तसा थर तयार होतो. ही कल्पना स्वित्झर्लंडच्या शूप नावाच्या माणसाची, १९१० च्या आसपासची, आणि तेव्हापासून मूळ तत्त्वात फार काही बदललेलं नाही. मुद्दा एवढाच की गनपासून जॉब साधारण १५०-२०० मिमीवर असतो आणि एवढं अंतर कण सेकंदाच्या शंभराव्या भागापेक्षाही कमी वेळात पार करतो. मला वाटलं होतं एवढ्या वेळात रंगाला काय होणार आहे. तिथंच चुकलो.

रंग चिकटवायची कल्पना मला आमच्याच मालावरून सुचली. शाफ्टवर वरच्या थराला पकड मिळावी म्हणून पहिला जो बाँड कोट मारतो ना, निकेल-ॲल्युमिनियमचा, त्याच्या एका जातीच्या पावडरीत निकेलच्या मोठ्या कणावर ॲल्युमिनियमचे बारीक कण बाइंडर लावून चिकटवलेले असतात. लाडवाला खसखस लावल्यासारखे. म्हटलं ॲल्युमिनियम चिकटतं तर रंग का नाही चिकटणार.

आणि मग मी अशी एक गोष्ट करायला निघालो होतो की आज लिहितानाही अंगावर काटा येतो. स्टोअरमध्ये ॲल्युमिनियमची पावडर पडून होती, जुनी, कुणी विचारत नव्हतं. डोक्यात आलं की ब्राँझचा स्वतःचाच तपकिरी रंग असतो, त्यापेक्षा ॲल्युमिनियम पांढरं, त्यावर रंग खुलून दिसेल, ट्रायल त्याच्यावर घेऊ. रंगाच्या दुकानातनं रेड ऑक्साइड आणलं, फरशीच्या कामात घालतात तेच, आयर्न ऑक्साइड. दोन्ही एका ड्रममध्ये ओतायचं, त्यात स्टीलचे गोळे टाकायचे आणि लेथला लावून ड्रम गोल गोल फिरवायचा, तासाभरात मस्त मिक्स होईल असा बेत. दोन्ही डबे उघडून ड्रमशेजारी ठेवलेले होते.

आमच्या शेजारच्या शेडमध्ये एक काका येऊन बसतात, त्यांच्या मुलाचा कारखाना आहे. रेल्वेतनं रिटायर, मिरजेला होते, उभी हयात रूळ जोडण्यात गेली. चहा प्यायला आले, डबे बघितले, आधी हा वाचला मग तो वाचला आणि कप तसाच हातात धरून ओरडले, "आरं काय करायलायस? शेड उडवतोस काय?"

मला कळेना. मग त्यांनी सांगितलं. रुळाचे दोन तुकडे जागेवर जोडायला रेल्वे जे वापरते, ज्याला ते एटी वेल्डिंग म्हणतात, त्यात पोर्शन म्हणून एक तयार मिश्रण येतं, ते म्हणजे दुसरं काही नाही, आयर्न ऑक्साइड आणि ॲल्युमिनियम. एकदा पेटलं की ॲल्युमिनियम लोखंडाचा ऑक्सिजन ओढून घेतं आणि खाली वितळलेलं पोलाद पडतं, पाण्यासारखं, दोन-अडीच हजार डिग्रीचं. पाणी मारून विझत नाही, उलट पाणी मारलं तर जास्त भडकतं. "आन् तू ते लोखंडाचे गोळे घालून फिरवणार होतास व्हय?" असं त्यांनी विचारलं तेव्हा माझ्या घशाला कोरड पडली. मी डिप्लोमा केलाय मेटलर्जीचा. यालाच थर्मिट म्हणतात, ते मी परीक्षेत लिहिलंय, समीकरणासकट, मार्कही मिळालेत. पण समोर दोन डबे ठेवले तेव्हा एकावर लिहिलेलं ॲल्युमिनियम होतं आणि दुसऱ्यावर फरशीचा रंग, आणि डोक्यात ते जोडलंच गेलं नाही. लाल सोडा, हिरव्या क्रोम ऑक्साइडचंही तेच आहे, क्रोमियम धातू काढतात तो ॲल्युमिनियमबरोबर असंच जाळून. त्या दिवशी ॲल्युमिनियमचा डबा उचलून दुसऱ्या टोकाच्या खोलीत कुलपात गेला आणि ठरलं की फक्त ब्राँझ, तेही टिनवालं, ॲल्युमिनियम ब्राँझ नाही. तांबं-कथील लोखंडाच्या ऑक्साइडशी असं भांडण करत नाही.

मग ट्रायल सुरू. पहिली ट्रायल आळशीपणाची, म्हणजे ब्राँझ पावडर नि रंग कोरडंच बाटलीत घालून हलवायचं आणि मारायचं. आमच्याकडे गन मारणारे मामा आहेत, वीस-बावीस वर्षांचा हात, त्यांनी ट्रिगर दाबला आणि एक लाल ढग उठला. प्लेटवर साधं ब्राँझ बसलं, एकदम सोनेरी, स्वच्छ. लाल मात्र मामांवर, माझ्यावर, छतावर, लेथवर आणि बाहेर लावलेल्या माझ्या गाडीवर. डिसेंबरातच रंगपंचमी झाली. नंतर विचार केला तर साधं आहे, ब्राँझचा कण ५० ते १०० मायक्रॉनचा आणि रंगाचा कण एक मायक्रॉन किंवा त्याहून बारीक, त्याला वजनच नाही, ज्योतीच्या वाऱ्यात तो धुळीसारखा बाजूला उडून जातो. म्हणजे रंगाला धातूच्या पाठीवर बसवूनच न्यायला पाहिजे, सुटा पाठवला की गेलाच.

दुसरी ट्रायल सुताराचा पांढरा गम पाण्यात कालवून. हात सैल सुटला आणि जरा जास्तच पडला, त्यामुळे पावडरीचा शिरा झाला. वाळवून फोडला, खलबत्त्यात कुटला, चाळला, हॉपरमध्ये घातला तर दोन मिनिटं चालायचा नि अडकायचा. मामा गनला टिचक्या मारून मारून वैतागले. आणि जे काही प्लेटवर गेलं ते काळपट, कारण गम ज्योतीत जळतो आणि त्याचा कोळसा थरात अडकतो.

तिसऱ्यावेळी डोकं चाललं. आमच्या आजूबाजूला सगळ्या फाउंड्री, आणि फाउंड्रीत कोअर, म्हणजे ओतकामात आत पोकळी ठेवायला वाळूचा गाभा, करायला सोडियम सिलिकेट वापरतात, वाळूत मिसळून वरनं सीओटू सोडला की दगडासारखं घट्ट. काचेसारखीच वस्तू ती, जळत नाही, कोळसा होत नाही. ओळखीच्या फाउंड्रीतनं एक कॅन मागून आणला. किलोभर ब्राँझला ४० ग्रॅम रंग आणि सिलिकेट एक भाग पाणी तीन भाग असं पातळ करून फक्त ३० मिली, म्हणजे पावडर ओली दिसता कामा नये, नुसती दमट झाली पाहिजे, भडंगाला तेल चोळतो तेवढीच. आधी पावडर परातीत घेऊन ते पाणी शिंपडायचं आणि चोळायचं, मग रंग वरनं भुरभुरवत परत चोळायचं. परात घरची आणली होती, ती परत घरात घेतली गेली नाही. मग ट्रेमध्ये पातळ पसरून ओव्हनला १२० डिग्रीवर दोन तास, आणि वाळलं की हाताने चाळणीवर हलकं रगडायचं. १४० मेशच्या (चाळणीचा नंबर, जितका मोठा तितकी बारीक) खाली पडलेलं आणि ३२५ वर राहिलेलं तेवढंच घ्यायचं, खालचा फुफाटा काढून टाकायचा. पावडर नीट झाली की नाही याची परीक्षा मामांची, चिमूट घेऊन पांढऱ्या कागदावर ओढायची, बोटाला आणि कागदाला रंग लागला म्हणजे अजून सुटा रंग आहे. आणि साध्या चहाच्या गाळणीच्या आकाराच्या नरसाळ्यातनं सोडायची, ठोकल्याशिवाय सगळी खाली आली पाहिजे. मोठ्या लॅबमध्ये याच कामाला ठरावीक भोकाचं फ्लोमीटर असतं, ५० ग्रॅम किती सेकंदात पडलं ते मोजतात. आमचं नरसाळंच.

ही पावडर चालली. न अडकता, ढग न उठता. आणि आता खरी मजा सुरू झाली कारण आता रंग ज्योतीतनं जाऊन प्लेटवर पोचत होता आणि पोचेपर्यंत भलताच होत होता.

पिवळा घ्या. पिवळी माती, यलो ऑकर. हॉपरमध्ये हळदीसारखी दिसणारी पावडर, मामांनी मारली, प्लेट लाल. मला वाटलं मामांनी बाटली चुकवली. मामांना वाटलं मी लेबल चुकवलं. परत मारली, परत लाल. संध्याकाळी घरी जाताना शाहूपुरीत कुंभार गल्लीजवळ सिग्नलला थांबलो होतो, कडेला पणत्या रचून ठेवल्या होत्या आणि ट्यूब पेटली. कच्ची पणती पिवळट-मातकट, भाजलेली लाल. पिवळ्या मातीतला रंग म्हणजे पाणी धरून बसलेलं लोखंडाचं ऑक्साइड, २५०-३०० डिग्रीच्या पुढे ते पाणी निघून जातं आणि उरतो तो गेरू. हे लहानपणापासून बघितलंय की आपण. कुंभाराला ते करायला रात्रभर लागते, आमच्या ज्योतीने डोळ्याची पापणी लवायच्या आत केलं एवढाच फरक.

बरं मग लाल तरी लाल राहावा, तर तोही नाही. पहिल्या लाल प्लेटी काळ्या-तपकिरी आल्या, करपलेल्या कांद्यासारख्या. त्याला दोन कारणं. एक तर लाल ऑक्साइड फार तापलं, साधारण १४०० च्या आसपास गेलं, की ऑक्सिजन सोडून काळं ऑक्साइड होतं, ज्याला चुंबक चिकटतं ते. दुसरं कारण मामांची सवय. शाफ्टला मारताना मामा ज्योत जरा डीएकडे झुकती ठेवतात, आतल्या कोनाला पिसासारखं शेपूट दिसतं ना तशी, म्हणजे धातू जळत नाही. धातूला ते चांगलं, पण अशी ज्योत ऑक्सिजनला भुकेली असते, ती रंगातला ऑक्सिजन खाते. रंगाला उलटी ज्योत पाहिजे, ऑक्सिजन थोडा जास्त. मामांना हे पटवायला मला दोन दिवस लागले. "बावीस वर्षं अशीच मारतोय" वगैरे झालं. शेवटी एकाच प्लेटवर अर्ध्यात त्यांची ज्योत आणि अर्ध्यात माझी असं मारून दाखवलं, त्यांच्याकडे काळं, माझ्याकडे विटकरी. काही बोलले नाहीत, ऑक्सिजनचा नॉब फिरवला फक्त. अंतरही १५० वरनं २२० मिमीपर्यंत नेलं. अशाने ब्राँझचं पण थोडं ऑक्सिडेशन होतं, थर जरा ठिसूळ होतो, पण भिंतीवरच्या पॅनेलला कुठं बेअरिंग बसवायचंय.

निळ्यासाठी मी पांढऱ्या कपड्यांना घालायची पावडरची नीळ आणली. अल्ट्रामरीन असते ती, एकेकाळी म्हणे सोन्याच्या भावाने विकल्या जाणाऱ्या दगडाचा रंग, आणि आता किराणा दुकानात. प्लेटवर करडा राखेचा थर आला आणि शेडमध्ये फटाके उडवल्यासारखा गंधकाचा वास. निळीचा निळेपणा तिच्यातल्या गंधकामुळे असतो, जाळल्यावर गंधकही गेलं आणि निळेपणाही गेला. वर दुसऱ्या दिवशी ब्राँझवर काळे डाग पडलेले, ते बहुतेक त्याच गंधकाने तांब्याला धरल्याचे.

हिरवा मात्र पहिल्या फटक्यात जमला. क्रोम ऑक्साइड, चोवीसशे डिग्रीच्या पुढे वितळतं, ज्योतीतनं एवढ्या पटकन निघून जाताना त्याला ती म्हणजे थंडीतलं ऊन. झकास शेवाळी. मी तो फोटो कॉलेजच्या एका मित्राला पाठवला, तो केमिकल लाइनमध्ये आहे, म्हटलं बघ कसं जमलंय. त्याचा फोन लगेच आला आणि कौतुक सोडून पहिला प्रश्न, बाइंडर काय वापरलास. सिलिकेट म्हटल्यावर म्हणाला बाबा, क्रोम ऑक्साइड, सोडियमचा अल्कली, भरपूर ऑक्सिजन आणि उष्णता, कारखान्यात क्रोमेट असंच बनवतात. क्रोमेट म्हणजे हेक्साव्हॅलंट, कॅन्सरवालं. किती बनत असेल ते माहीत नाही पण तू कशाला मोजायला जातोस, वापरूच नको. मग हिरव्याला परत पांढरा गम, पण यावेळी अगदी पातळ, हातात काही लागलंय असं वाटणार नाही इतका, आणि ऑक्सिजनवाल्या ज्योतीत तो साफ जळून जात होता, काळेपणा आला नाही. मास्क तर सगळ्यांनाच, कापडी रुमाल नाही, कार्ट्रिजवाला. आमच्यातला एक जण मास्क काढून तंबाखू मळायचा, त्याला दोनदा बाहेर काढलं.

लाल-हिरवा जमला पण पिवळा-निळा अडकलेला, आणि मग एक गोष्ट डोक्यात बसली ती म्हणजे रंग डब्यात कसा दिसतो याला अर्थ नाही, तो आधी भट्टीतनं जाऊन आलाय का ते विचारायचं. मातीतनं काढलेला कच्चा रंग आगीत बदलणारच, त्याचं बदलणं अजून व्हायचंय. पण टाइल्सवाले जे रंग वापरतात ते हजार-बाराशे डिग्रीला भाजूनच तयार केलेले असतात. म्हणून गुजरातेत मोरबीच्या टाइल कारखान्यांना माल देणाऱ्या एका व्यापाऱ्याकडनं दोन सिरॅमिक स्टेन मागवले, एक कोबाल्ट ॲल्युमिनेटचा निळा आणि एक झिरकॉन-प्रासियोडिमियमचा पिवळा. तो निळा जेव्हा बिलात बघितला तेव्हा लाल रंगाच्या मानाने तो किती महाग आहे ते कळलं, त्यामुळे चमच्याने मोजून वापरला. दोन्ही टिकले. फक्त ब्राँझच्या तपकिरी अंगावर बसल्यामुळे पिवळा मोहरीच्या लोणच्यासारखा आणि निळा सरळ मोरपंखी झाला. निळा निळा नाही म्हणून मी घाबरत घाबरत बाईंना फोटो पाठवला तर म्हणाल्या हाच, हाच पाहिजे, दुसरा काही करू नका. असं असतंय.

मग हाव सुटली, रंग अजून गडद करू म्हणून मी ४ टक्क्यांचा १० टक्के केला. दिसायला भारी. छिन्नी लावून एक हातोडी मारली तर पापडासारखा थर निघून हातात आला. रंगाचा कण वितळत नाही, तो दोन चापटलेल्या कणांच्या मध्ये बसतो, आणि असे फार बसले की धातूला धातू भेटतच नाही. परत ४ वर आलो, हिरव्यात ५ पर्यंत चाललं.

पॅनेल मारण्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही, ब्लास्टिंग, बाँड कोट, मग रंगीत ब्राँझ, साधारण २०० मायक्रॉन. ब्लास्टिंग एकाच बाजूने केलं म्हणून पहिलं शीट वाटीसारखं वाकलं, नंतरची सातही मागून अँगल टाकून आणि दोन्हीकडून ब्लास्ट करून घेतली. थर स्पंजासारखा सच्छिद्र असतो त्यामुळे वरनं पातळ क्लिअर सीलर दोन हात. घासलं तर आतनं रंगच निघतो का? निघतो. मी स्वतः एमरी घेऊन घासून बघितलं, ब्राँझ चमकायला लागतं आणि त्याच्या मधोमध रंगाच्या रेघा राहतात, लाकडाच्या रेषांसारख्या. बाईंनी त्यातली दोन पॅनेल मुद्दाम तशीच घासून मागितली.

पॅनेल फेब्रुवारीत गेली, पैसे मार्चअखेर आले, त्यातले निम्मे ट्रायलमध्येच गेले होते हे मी घरी सांगितलेलं नाही.

आणि मेमध्ये नेहमीचं काम सुरू झालं. एका कारखान्याचा पंपाचा शाफ्ट आला, स्टेनलेस मारायचं होतं. गन उघडून धुतली होती, हॉपर तीनदा हवेने साफ केलं होतं, नळी बदलली होती. तरी मामांनी मारायला घेतलं आणि तिसऱ्या पासला शाफ्टवर एक बारीक हिरवी रेघ उमटली, गोल, बांगडीसारखी. ग्राइंडिंगला जाईल म्हटलं तर ती नेमकी खोलात, गेलीच नाही. त्यांचा फोरमन घ्यायला आला, शाफ्ट फिरवून फिरवून बघितला आणि म्हणाला, "हे काय वो, डिझाइन काढलंय?"

मामा म्हणाले, "एक्स्ट्रा चार्ज लावला नाही त्याचा, घेऊन जावा."

घेऊन गेला.